जुन्या जोत्यावर नवं घर, अधिक दहा टक्के

तुम्ही विचारलंय, ‘लॉस एंजेलिसच्या वणव्यात घरं गेलेल्यांसाठी झोनिंगचे, म्हणजे कुठे काय केवढं बांधायचं याचे, नियम सैल केले. त्यात सोय लोकांची झाली की बिल्डरांची?’

मी लॉस एंजेलिसजवळच्या पॅसाडीनात राहतो. ईटन आगीत जळालेलं अल्टाडीना अगदी शेजारी. घरांचे नकाशे काढून ते पास करून घेणं हा माझा धंदा, तेव्हा माझं उत्तर थोडं एका बाजूला झुकलेलं असणार.

७ जानेवारी २०२५ ला पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगी लागल्या. दोन्ही मिळून १६ हजारांवर इमारती गेल्या. १२ तारखेला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनी आदेश काढून पर्यावरण आढावा आणि किनारा कायद्याची परवानगी, या दोन्हींतून पुनर्बांधणीला सूट दिली. दुसऱ्या दिवशी लॉस एंजेलिसच्या महापौर कॅरन बास यांचा शहरापुरता आदेश आला. मुख्य अट ही: नवं घर जुन्याच्या ११० टक्क्यांत बसवा. अल्टाडीना शहराच्या हद्दीत नाही, तिथे काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभार चालतो. पण ‘होतं तसं बांधा’ हे सूत्र तिथेही आहेच.

ही सूट नसती तर काय झालं असतं? पुण्यात पेठेतला वाडा पडला की मालकाला तो जुन्या जोत्यावर जसाच्या तसा उभा करता येतो का? साइड मार्जिन, पार्किंग, रस्तारुंदी, सगळं नव्याने मानगुटीवर बसतं. अल्टाडीनातली पुष्कळ घरं १९२०-४० च्या सुमाराची. गॅरेज थेट हद्दीला टेकलेलं, अंगण नावापुरतं. उभं होतं तोवर जुनं म्हणून चालून गेलं. जळालं की ते संरक्षणही गेलं. म्हणून माझ्या मते ही सूट उपकार नव्हे, मूळचा हक्क परत दिला एवढंच.

पण ‘होतं तसं’ म्हणजे कसं, ते कागद ठरवतो. माझ्याकडे एक आजीबाई आल्या. त्या १,१०० चौरस फुटांत राहत होत्या, नोंदीत मात्र ९००. मागचा व्हरांडा नवऱ्याने कधीकाळी बंद करून खोली केली होती, परवानगी न घेता. (आपल्याकडे बाल्कनी आत घेतात, तसंच.) ९०० चे ११० टक्के म्हणजे ९९०. त्यांना वाटलं, सरकार दहा टक्के जास्त देतंय. मी हिशेब मांडला तेव्हा कळलं की राहत्या घरातलेच ११० फूट जातायत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, शिवणाचं मशीन त्या खोलीत होतं.

लोक एक गल्लत हमखास करतात. झोनिंग म्हणजे कुठे, केवढं, कशासाठी बांधायचं. आगीपासून बचावाचे बांधकाम-नियम वेगळे, आणि ते सैल झालेले नाहीत, होऊही नयेत. छप्पर पेट न घेणारं हवं, पोटमाळ्याच्या झरोक्यांतून ठिणग्या आत शिरू नयेत. वणव्यात कित्येक घरं ज्वाळांनी नाही, वाऱ्यावर उडत आलेल्या ठिणग्यांनी पेटतात. २०१७ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझाची कॉफी पार्क वस्ती जळाली. ती आगीच्या धोक्याच्या सरकारी नकाशाबाहेर होती, म्हणून परत बांधताना हे नियम तिथे सक्तीचे नव्हते. ढिलाई म्हणायची तर ती ही.

कोलोराडोच्या लुइव्हिलमध्ये वेगळं घडलं. २०२१ च्या मार्शल वणव्यानंतर रहिवाशांनी नव्या, महागड्या ऊर्जा-संहितेतून सूट मागितली आणि नगरपरिषदेने ती दिली. मला त्यात वावगं दिसत नाही. त्या संहितेचा संबंध वीजबिलाशी, आगीशी नाही.

आता बिल्डर. ही भीती खोटी नाही. राख निवायच्या आत पडेल भावात प्लॉट मागणारे दारात आले होते. दारात म्हणजे, दार उरलं होतं तिथे. म्हणून १४ जानेवारीला गव्हर्नरांना आणखी एक आदेश काढावा लागला: न मागता कमी भावाची ऑफर द्यायला तीन महिने बंदी. एका प्लॉटचे दोन करून त्यावर चार घरांपर्यंत बांधू देणारा एसबी ९ हा राज्याचा कायदाही आधीपासून आहे. जळालेल्या धोक्याच्या भागात त्याला आवर घालायची मुभा स्थानिक सरकारांना मिळाली ती जुलै २०२५ च्या अखेरीस. तेव्हा बिल्डरचं फावतं ते दहा टक्क्यांमुळे नाही. मूळ मालकाला थांबणं परवडत नाही, म्हणून फावतं. साफ केलेल्या प्लॉटवर ट्रेलर लावून तात्पुरतं राहू देणं ही सूट छोटी वाटते, पण माझ्या लेखी सगळ्यात मोलाची तीच. माणूस जागेवर राहिला की सहसा विकत नाही.

आजीबाईंचा नकाशा ९९० मध्येच बसवला. व्हरांडा गेला, मशीनसाठी जिन्याखाली कोनाडा काढलाय. नकाशा पास होऊन पडलाय. विम्याने देऊ केलेली रक्कम आणि ठेकेदाराचा आकडा यांचा मेळ अजून बसलेला नाही, म्हणून पाया खणलेला नाही.