तीन वर्षांचा मुलगा जेवत नाही, फक्त दूध पितो. वजन वाढायला कोणती पावडर द्यावी?

पावडर कोणतीही देऊ नका. आधी सांगा, दूध किती पितो? तुम्ही लिहिलंय, "पोळीभाजीला तोंड उघडत नाही, पण दूध आवडीनं पितो, निदान तेवढं तरी समाधान आहे." हेच समाधान मी सव्वा वर्ष बाळगलं होतं, म्हणून लिहायला बसले.

माझं सासर सातारा जिल्ह्यातलं, दारात दोन म्हशी. मुलगी वर्षाची झाली, अंगावरचं तुटलं आणि बाटली सुरू झाली. उठल्या उठल्या एक, दुपारी झोपताना एक, संध्याकाळी धार काढली की ताज्या दुधाची एक, रात्री एक आणि मध्यरात्री किरकिरली की पाचवी. बाटली अडीचशे मिलीची, म्हणजे दिवसाला सव्वा लिटर. वरणभाताचे दोन घास झाले की तोंड फिरवायची. वाटी घेऊन मी अंगणभर तिच्यामागे फिरायचे आणि शेवटी दमून बाटलीच हातात द्यायचे. दिसायला इतकी गुटगुटीत की येणारा-जाणारा गाल ओढायचा. माझे सासरे, आण्णा, अभिमानाने सांगायचे, "घरच्या म्हशीचं दूध हाय!"

मग एक दिवस तिच्या ओठाला पांढरं लागलेलं दिसलं. अंगाला लावायची पावडर सांडली असेल म्हणून पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पलंगाशेजारच्या भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले होते. पलंग सरकवला तर भिंतीवर, बरोबर तिचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, तळहाताएवढा चट्टा खरवडलेला. नखांत चुना. सासूबाई म्हणाल्या, "कॅल्शियम कमी पडत असंल, दूध वाढव." मी वाढवलं. आजही ते आठवलं की पोटात कालवतं.

पुढे अंगणवाडीत 'अ' जीवनसत्त्वाचा डोस द्यायला नेलं तेव्हा नर्सबाईंनी तिचा तळहात हातात घेतला आणि म्हणाल्या, "हिच्या हाताला रंगच नाही. आजच्या आज तालुक्याला ने." तिथे डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून मला दाखवली, मग मला आरशासमोर उभं करून माझी ओढायला लावली. माझी लालसर, तिची कागदासारखी पांढरी. हिमोग्लोबिन ६.८ निघालं. या वयात किमान ११ हवं.

डॉक्टरांनी सांगितलेला हिशेब मला तोंडपाठ आहे. म्हशीच्या लिटरभर दुधात हजाराच्या आसपास कॅलरी असतात आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण अकराशेची. पोट दुधानेच भरतं, मग भूक लागणार कुठून? दुधात लोह नावालाच. दिवसाला सात-आठ मिलिग्रॅम हवं असताना दूध त्यातला क्षुल्लक वाटा देतं. वर दुधातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. रक्त कमी झालं की भूक आणखी मरते आणि माती, खडू, चुना खावासा वाटतो. म्हणजे भिंत खाण्याचं कारण दूध कमी पडणं नव्हतं, दूध जास्त होणं होतं.

बाटली त्याच दिवशी बंद केली. दूध कपाने, सकाळ-संध्याकाळ मिळून चारशे मिलीच्या आत. तीन रात्री घर डोक्यावर घेतलं तिनं. आण्णा जेवले नाहीत. "लेकराच्या तोंडचं दूध काढून घेतलं," असं गल्लीत बोलून आले. चौथ्या दिवशी दुपारी मी जेवत होते, ती मांडीवर येऊन बसली आणि माझ्या ताटातल्या भाकरीचा पापुद्रा सोलून खाल्ला. मग दुसरा. मी काही बोलले नाही, हललेसुद्धा नाही.

लोहाचं औषध रोज, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, दुधाबरोबर कधीच नाही. शी काळी होते, घाबरू नका. भिंत खरवडणं पंधरा दिवसांत थांबलं. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ आलं आणि त्यानंतरही औषध तीन महिने चालू ठेवलं, कारण शरीरातला साठा भरायचा असतो. आकडा सुधारला की औषध सोडणारे फार, तसं करू नका.

आण्णांचं म्हणणं मात्र आजही तेच. "माझी चार पोरं दुधावरच वाढली." हे खरं नाही. मी सासूबाईंना एकटीला विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, दूध सगळं डेअरीला जायचं, उरलं तर चहापुरतं. पोरं वाढली ती भाकरी, हुलग्याचं माडगं, मेथी आणि रानातल्या बोरांवर. तुमच्याही घरात कोणी "दूध म्हणजे पूर्णान्न" म्हणालं तर एवढंच विचारा, तुमच्या लहानपणी तुम्हाला दिवसाला किती मिळायचं?

पावडरीचं म्हणाल तर दुधात ती घातली की मूल दूध आणखी पितं, म्हणजे मूळ दुखणं वाढतंच, शिवाय साखर वेगळी. 'हेल्थ ड्रिंक' या नावाची व्याख्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाहीच. २०२४ च्या एप्रिलमध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं त्या वर्गातून काढायला सांगितलं, ते याच कारणाने. वजनाचं एवढं मनावर घेऊ नका. पहिल्या वर्षात तिप्पट होणारं वजन पुढे वर्षाला दोनेक किलोनेच वाढतं, भूकही त्या मानाने कमी होते. अंगणवाडीच्या कार्डावरची रेघ वर चाललीय ना, तेवढं बघा.

आता राहिलेलं. दूध पिणाऱ्या प्रत्येक मुलाचं रक्त कमी असतं असं नाही, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, तेव्हा साधी सीबीसी, म्हणजे रक्ताची तपासणी, करायला मागेपुढे पाहू नका. रक्त कमी व्हायला जंत किंवा थॅलेसेमियासारखा आनुवंशिक रक्तविकार अशी कारणंही असतात, म्हणून माझं वाचून मनाने औषध सुरू करू नका. आशाताईंकडे आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं सिरप फुकट मिळतं, ते प्रतिबंधासाठी आहे, ते जरूर द्या. पण ६.८ वाल्या मुलाला ते पुरत नाही, आणि बीट-खजूरही पुरत नाहीत. लोहाच्या औषधाची बाटली उंचावर, कुलपात ठेवा. गोड लागतं म्हणून मुलाने सगळी पिऊन टाकली तर जिवावर बेततं.

आज रात्रीपर्यंत दूध मापाने मोजा. अर्ध्या लिटरच्या वर गेलं तर उद्याच खालची पापणी ओढून बघा आणि डॉक्टरांकडे न्या.