‘क्वीन’ : पडद्यावरचा आणि खरा

प्रश्न : ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडवरील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा २०१८चा चित्रपट पाहिला. फुटलेला बँड ‘लाइव्ह एड’ या १९८५च्या मदतनिधी मैफलीसाठी पुन्हा एकत्र येतो, हे खरे आहे का? आणि बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याला जाऊन इतकी वर्षे लोटली, तरी ही गाणी अजून कशी टिकून आहेत?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बँड फुटला होता, हे खरे नाही. जानेवारी १९८५मध्ये ‘क्वीन’ रिओ दि जानेरोला गाऊन आला होता आणि मे महिन्यापर्यंत त्याचे दौरे सुरूच होते. त्यामुळे १३ जुलैला ‘लाइव्ह एड’मध्ये, लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर गाजलेल्या त्या वीसेक मिनिटांमागे तयार हात आणि तयार गळे होते. मर्क्युरी सहकाऱ्यांना आपल्या एड्सच्या आजाराविषयी सांगतो, तो चित्रपटातला प्रसंगही पटकथेच्या सोयीसाठी प्रत्यक्षापेक्षा आधी आणलेला आहे. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले, पण त्यांत पटकथेचे नव्हते, हे जाता जाता नमूद करायला हरकत नाही.

गाणी टिकली याचे एक मोठे कारण, माझ्या मते, त्यांनी श्रोत्यालाच गाण्यात जागा करून दिली, हे आहे. ‘वुई विल रॉक यू’ (१९७७) पुन्हा ऐकून पाहावे : दोनदा पाय आपटणे, एक टाळी आणि क्षणभर शांतता, एवढ्याच ठेक्यावर ते उभे आहे, त्यात ड्रम नाही आणि गिटारही येते ती जवळजवळ शेवटी. एका कार्यक्रमानंतर श्रोते आपणहून गाऊ लागले, तेव्हा दाटीत उभ्या असलेल्या माणसाला काय काय करता येईल, या विचारातून गिटारवादक ब्रायन मे याला हा ठेका सुचला. लंडनमधल्या एका स्टुडिओत जुन्या फळ्यांवर पाय आपटून त्यांनी तो ध्वनिमुद्रित केला आणि त्याचेच थरावर थर चढवून गर्दीचा भास निर्माण केला. आज जगभरच्या मैदानांवर खरीच गर्दी तो वाजवते.

चित्रपटसृष्टीशी या बँडचे नाते मात्र बरेच जुने आहे. ‘फ्लॅश गॉर्डन’ला (१९८०) त्यांनी पार्श्वसंगीत दिले, ‘हायलँडर’साठी (१९८६) गाणी केली, आणि मर्क्युरीच्या निधनानंतर काही महिन्यांतच आलेल्या ‘वेन्स वर्ल्ड’मध्ये मोटारीत बसून माना झटकणाऱ्या पोरांच्या एका विनोदी प्रसंगामुळे १९७५चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे गाणे अमेरिकेत थेट दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. पहिल्या खेपेस ते तिथे नवव्या क्रमांकापर्यंतच गेले होते.

आपण साताऱ्याहून लिहिता, म्हणून आणखी एक गोष्ट. झांझिबारला पारशी कुटुंबात जन्मलेला फारुख बुलसारा, म्हणजेच पुढचा मर्क्युरी, आपल्याच जिल्ह्यात पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथे वर्गमित्रांसह त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला होता. त्यात तो पियानो वाजवत असे. मुख्य गायक दुसराच मुलगा होता.