चाळिशीनंतर नोकरी-संसार सांभाळून नवनवीन विषय शिकत राहायचं कसं? सगळंच थोडं थोडं शिकण्यात अर्थ आहे का?

इतिहासही वाचायचाय, विज्ञानही, संगीतही, आणि यात धरसोड होईल अशी धास्ती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. माझं म्हणणं, विषयांची यादी करूच नका. रोज हाताखालून जाणारी एखादी वस्तू धरा आणि ती नेईल तिकडे जा.

मी सांगलीत हळदीच्या आडतीवर हिशेब लिहितो, म्हणून माझ्या वाट्याला हळद आली. शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे आपण सगळेच बघतो. का होतो? हळदीतलं कर्क्युमिन आम्लात पिवळं राहतं, अल्कलीत तांबडं होतं, आणि साबण अल्कलीधर्मी. त्याच डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होईल. आजच करून बघा. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यामागेही हेच. शाळेत पाठ केलेला लिटमस कागद मला खरा कळला तो तेव्हा.

मग हरिपूरची पेवं. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद वर्षानुवर्षं साठवत. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपत जातो आणि कीड जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर माणूस लगेच आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात. हे मला एका म्हाताऱ्या हमालमामांनी समजावलं, पुस्तकानं नाही. २००५ च्या महापुरात यातली कितीतरी पेवं निकामी झाली, आणि ते का झालं हे बघताना मी नदी, माती, धरणं यांत शिरलो.

कायद्याकडेही हळदीनंच नेलं. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिलं गेलं होतं! आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी वैज्ञानिक संशोधन परिषदेनं, जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक शोधनिबंध पुरावा म्हणून मांडला आणि १९९७ मध्ये ते रद्द करवलं. पेटंटला नवेपणा का लागतो, हे यापेक्षा सोपं करून कोण सांगणार?

याला धरसोड म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीला बांधलेली असते, म्हणून ती डोक्यात राहते. सुट्टे सुट्टे व्हिडिओ बघितलेले मात्र आठवड्यात पुसले जातात.

वेळेपेक्षा मोठी अडचण लाजेची असते. या वयात ‘मला कळलं नाही’ म्हणवत नाही. बिनधास्त म्हणा. ‘मामा, जरा समजावून सांगा की’ म्हटलं की माणसं मनापासून सांगतात. आणि शब्द अडला तर मराठी विश्वकोश आहेच, आपल्या वाईतच तयार झालेला, आता इंटरनेटवर फुकट वाचता येतो. एक नोंद उघडली की तिच्यातून चार नव्या सापडतात.

सध्या मी मिरजेत अडकलोय. तलवारींना धार लावणारी शिकलगार घराणी सतार-तंबोऱ्याकडे वळली कशी, आणि आवाजासाठी भोपळाच का लागतो? रविवारी सतारमेकर गल्लीत जाऊन विचारणार आहे. तुमच्या कामात रोज हाताखाली काय येतं, ते कळवा. पहिला प्रश्न आपण मिळून काढू.