कामाच्या टेबलापुढे कोणती मॅट टाकावी?

टेबल झालं, लाकूड घट्ट धरायचा व्हाइस बसला, आता पायाखालचं बघ. शहाबादी फरशीवर तासभर रंधा मारलास की टाचा आणि कंबर बोलायला लागतात.

जितकी मऊ तितकी चांगली, असं दुकानदार सांगेल. ऐकू नकोस. फार मऊ मॅटवर पाय रुततो आणि तोल सांभाळण्यातच पोटऱ्या दमतात. अंगठ्याने जोरात दाबून बघ. थोडी दबून लगेच वर आली तर घे. अंगठा थेट तळाला टेकला तर ती योगासनांना ठेव. जाडी 12 ते 20 मिमी पुरे.

लहान मुलांच्या खोलीत घालतात ते एकमेकांत अडकवायचे फोमचे चौकोन स्वस्त पडतात. सुतारकामाला चालतातही, पटाशी हातातून निसटली तरी धार वाचते. पण सोल्डरिंग करणार असशील तर नकोच. वितळलेल्या धातूचा थेंब पडला की खड्डा. तिथे रबरच घे. नव्या रबराला वास येतो, चार दिवस गॅलरीत टाकून ठेव. तेल-ग्रीसचं काम असेल तर नायट्रिल रबर माग, साधं रबर तेलाने फुगतं.

कडा उतरत्याच हव्यात, नाहीतर ठेच ठरलेली. भोकांची मॅट टाळ. भुसा तर अडकतोच, पण पडलेला बारीक स्क्रू शोधताना जीव जातो!

मॅटने तू वर जातोस, म्हणजे टेबल तेवढं बुटकं होतं. टेबलाचे पाय अजून कापायचे असतील तर आधी मॅट आण. पावसाळ्यात ती अधूनमधून उचलून खालची ओल पुसत जा.