शेनबॉम यांच्यानंतर कोण?

प्रश्न : मेक्सिकोत एकदा राष्ट्राध्यक्ष झालेल्याला पुन्हा उभं राहता येत नाही म्हणे. मग २०३० मध्ये क्लॉडिया शेनबॉम यांच्या जागी कोण येईल?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बरोबर ऐकलंत. तिथे सहा वर्षांची एकच कारकीर्द, मग कायमची सुट्टी. त्यामुळे गुडघ्याला बाशिंग बांधलेले आधीपासूनच दिसू लागतात. माझं बोट ओमार गार्सिया हारफूश यांच्यावर. २०२० च्या जूनमध्ये राजधानीचे पोलीसप्रमुख असताना त्यांच्या गाडीवर भर रस्त्यात गोळीबार झाला. ते जखमी झाले, पण वाचले. शेनबॉम यांनी पुढे त्यांना सुरक्षामंत्री केलं. मात्र शेनबॉम यांचा मोरेना पक्ष हारफूश यांना मानेल का, याची मला शंका आहे. २०२३ मध्ये राजधानीच्या प्रमुखपदाच्या उमेदवारीसाठी पक्षाच्या सर्वेक्षणात ते पुढे होते, तरी स्त्री-पुरुष समानतेच्या नियमामुळे तिकीट क्लारा ब्रुगादा यांना मिळालं. आज राजधानीची गादी ब्रुगादांकडे आहे, आणि शेनबॉमही तिथूनच वर गेल्या, हे विसरू नका. मार्सेलो एब्रार्ड? २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी पक्षाने केलेल्या सर्वेक्षणात शेनबॉम यांच्यामागे दुसरे आले, रुसले, मग परतून मंत्री झाले. नवरदेवापेक्षा कायमचे वऱ्हाडीच वाटतात.

विरोधकांत लुईस डोनाल्डो कोलोसिओ रिओहास. १९९४ मध्ये तिहुआनात प्रचारादरम्यान वडिलांची हत्या झाली, तेही राष्ट्राध्यक्षपदाचेच उमेदवार होते. नावाला वलय आहे. पण २०२४ मध्ये शेनबॉम यांना जवळपास ६० टक्के मतं पडली होती. ती खिंडार पाडून मिळवायची तर आडनाव पुरणार नाही.