बसऱ्याला गेलेल्या माणसाचा माग

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

युद्धात कामी आलेल्या गावच्या जाधवाचा माग कसा काढायचा, हे तू विचारलेस. चावडीवरची पाटी आणि ग्रामपंचायतीचा फलक, दोन्हींचे फोटो मिळाले. आधी या दोन गोष्टी वेगवेगळ्या धर. संगमरवरी पाटी पहिल्या महायुद्धानंतर सरकारने बसवलेली. सातारा-रत्नागिरीकडे अशा पाट्या कितीतरी गावांत दिसतात आणि बहुतेकींवर एकही नाव नसते. १९१४ ते १९१९ च्या युद्धात या गावातून इतके गेले, पैकी इतके कामी आले, बस्स. तुझा तो जाधव आहे शेजारच्या फलकावर, आणि तो फलक अलीकडे घरोघर विचारून केलेला. म्हणजे ते नाव ही गावाची आठवण झाली, पुरावा अजून मिळायचा आहे. तीन पिढ्यांत आजा आणि चुलत आजा यांची अदलाबदल सहज होते.

संगणक उघडण्याआधी त्या जाधवांच्या घरी जा. पदक आहे का विचार. पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. लोक राजाचा मुखवटा बघतात आणि कड बघायची राहून जाते. पदक चांदीचे असल्यामुळे पुष्कळ घरांतले दुष्काळात सोनाराकडे गेले, तेव्हा नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस. काशाची मोठी गोल थाळी निघाली तर तीही मेलेल्याच्या घरी आलेली सरकारी खूणच, पण तिच्यावर फक्त नाव असते. हुद्दा नाही, पलटण नाही. विचारायला जत्रेचे दिवस चांगले. मुंबईकर भाऊबंद तेव्हा गावात असतात आणि जुन्या ट्रंका बऱ्याचदा त्यांच्याकडेच असतात.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेची) नोंदवही बघ, संकेतस्थळावर घरबसल्या फुकट पाहता येते. तिथे पहिल्या महायुद्धाचे मृत्यू ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे धरले आहेत, म्हणून पाटीवरच्या १९१९ शी अडून बसू नकोस. हिंदी शिपायाचे नाव आणि आडनाव पुष्कळदा एकाच रकान्यात सलग असते, त्यामुळे नुसते आडनाव घालून शोधलेस तर हाती काही लागणार नाही. कारकून साहेबी कानाने लिहिणारे: पवारचे पोवार, शिंदेचे सिंदे, जाधवचे जादव किंवा जादो. सगळी रूपे घालून बघ. जिल्हाही त्या काळचा घाल. आजचा सांगली जिल्हा तेव्हा नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर साताऱ्यात होते. मालवणचा माणूस रत्नागिरीत सापडेल आणि माणगावचा कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात.

नोंद मिळाली की पलटणीचा क्रमांक आणि मृत्यूची तारीख शेजारी शेजारी ठेव. खरी गोष्ट तिथे उघडते. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये जनरल टाउनशेंडच्या हाताखाली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, तुर्कांशी लढत होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफोनला हजारो माणसे पडली, फौज मागे हटून कूत गावात शिरली आणि डिसेंबरपासून वेढ्यात सापडली. धान्य संपत आले तेव्हा घोड्या-खेचरांचे मांस पुढे आले. आपल्या शिपायांनी ते कितीतरी दिवस नाकारले आणि स्कर्व्हीने, म्हणजे ताज्या अन्नाअभावी होणाऱ्या रोगाने, झिजले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. त्यानंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेले आणि हिंदी कैद्यांतल्या बऱ्याच जणांना रस अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला जुंपले. तेव्हा पलटण या तिघांपैकी आणि तारीख १९१६ च्या उन्हाळ्यानंतरची असेल, तर ‘लढाईत मारला गेला’ असे घाईने लिहू नकोस. तो उपासमारीने, तापाने किंवा त्या वाटेवर गेलेला असू शकतो. गावाला शौर्याची कथा हवी असते हे मला ठाऊक आहे. तरीही लिहू नकोस.

स्मारकाच्या रकान्यात बहुधा इराकमधले बसरा दिसेल. तिथे चाळीस हजारांहून अधिक माणसांची स्मृती आहे, पण भिंतीवर नावे कोरली ती गोऱ्या शिपायांची आणि अधिकाऱ्यांची; साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार नुसता आकडा. त्यांची नावे वेगळ्या यादीत ठेवली. म्हणजे गावातही आकडा आणि बसऱ्यातही आकडाच! या भेदभावावर कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१ साली आला, तो जरूर वाच. स्मारकही मूळ जागी राहिलेले नाही. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर आत नेले.

जाधव दुसऱ्या महायुद्धातला निघाला तर ‘क्रिमेशन मेमोरियल’, म्हणजे दहन केलेल्यांचे स्मारक, असे शब्द शोध. हिंदू शिपायांना अग्नी दिला जाई, त्यांची थडगी नसतात. एरिट्रियात केरनला आणि इटलीत सांग्रो नदीकाठी अशी स्मारके आहेत. ज्यांचा देहच मिळाला नाही त्यांची नावे आणखी वेगळ्या ठिकाणी. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे व्हिक्टोरिया क्रॉस विजेते यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, त्यांचे नाव कॅसिनो स्मारकावर आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. त्याच नावाचे दोन-तीन जाधव सापडतीलच. नोंदीत बापाचे नाव आणि गाव असेल तर उत्तम, पण तेवढ्यावर थांबू नकोस; गावाकडून स्वतंत्र दुसरा कागद हवा. तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, माग. जन्म-मृत्यूच्या त्या नोंदी मोडीत असतील. कुणबी नोंदींच्या शोधामुळे हल्ली मोडी वाचणारे पुन्हा मिळू लागलेत, एखाद्याला सोबत ने. परदेशातला मृत्यू त्यात बहुधा नसेल, पण त्याचा जन्म किंवा त्याच्या मुलाचा जन्म सापडला तरी बापाचे नाव जुळवता येते. मग फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाची नोंद, पाहा: जमिनीला वारस कधी लागला? ते वर्ष मृत्यूच्या तारखेनंतर दोन-चार वर्षांत आले, तर तू योग्य माणसाच्या मागावर आहेस. पलटणीच्या युद्धडायऱ्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, पण त्यांत साहेबांची नावे आणि आपल्या माणसांची बेरीज. त्या दिवशी पलटण कुठे होती एवढ्यापुरत्याच त्या कामाच्या.

काहीच जुळले नाही तर तो मराठा पलटणीत होताच कशावरून, हे आधी विचार. किरकीचे सॅपर्स (पूल-रस्ते बांधणारे) होते, खोदकाम करणाऱ्या पायोनियर पलटणी होत्या, १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ वी महार पलटण होती, शिवाय खेचरवाले, भिस्ती, हमाल. कोकणातला असेल तर तो जहाजावरचा खलाशीही असू शकतो. तशा दोन हजारांवर खलाशांची नावे मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये आहेत.

दोन्ही बाजू जुळेपर्यंत त्या घरी ‘सापडले’ म्हणून सांगू नकोस. तोवर फक्त विचारत राहा, आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याचे नाते आणि तारीख घालून वहीत उतरव. कोतवाल बुकाचा अर्ज लिहिलास की सही करण्याआधी मला दाखव; गावाचे जुने नाव आणि वर्षांचा पट्टा त्यात घातला नाही, तर कारकून तो तसाच परत करतो.

कळावे.
तुझा,
काका