कर्ज अर्धंच फेडा, औषधांचे पैसे आधी बाजूला काढा

तुम्ही लिहिता: आठ महिन्यांपूर्वी यजमानांचं किडनी प्रत्यारोपण झालं, किडनी नणंदेने दिली. यजमान अजून कामावर रुजू झालेले नाहीत. शस्त्रक्रियेसाठी जमवलेल्या पैशांतून जे उरलंय, त्यात घराचं कर्ज एकदाच फिटतं. फेडून मोकळं व्हावं का?

पूर्ण फेडू नका. अर्धं फेडा.

तुमचे आकडे हिश्श्यांत मांडते. शिल्लक १००, कर्ज ९०. तुमचा पगार ६: घरखर्च ३, हप्ता दीड, औषधं-तपासण्या दीड. महिनाअखेरीस हाती काहीच नाही. कर्ज फेडलंत तर दरमहा दीड सुटेल, पण गाठीशी १०च राहतील. शरीर किडनी नाकारू लागलं तर बऱ्याचदा काही दुखत नाही, लघवीही नेहमीसारखी होते. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, चढलेलं दिसतं तेव्हा कळतं. मग बायोप्सी, दाखल होणं, स्टिरॉइडची इंजेक्शनं. पैशांची जुळवाजुळव करायला तेव्हा वेळ मिळत नाही. त्या घाईत काढलेलं वैयक्तिक कर्ज घरकर्जापेक्षा महागच पडतं.

म्हणून अठरा महिन्यांच्या औषध-तपासण्यांचे २७ वेगळ्या खात्यात टाका. दवाखान्यासाठी १८ आणि तीन महिन्यांच्या घरखर्चाचे ९ सहज मोडता येतील अशा ठेवींत ठेवा. उरलेले ४६ कर्जात भरा. एरवी मी सांगते, हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करून घ्या, व्याज जास्त वाचतं. तुम्हाला उलटं सांगते: मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करून घ्या. तो जवळपास निम्म्यावर येईल आणि दरमहा पाऊण हिस्सा तरी हातात राहील. तुमच्या घराला आज त्याची गरज जास्त आहे.

पुढे खर्च थोडा उतरेलही. केडिगो या किडनीविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सातव्या ते बाराव्या महिन्यात क्रिएटिनिन दर महिन्याला आणि वर्षानंतर दोन-तीन महिन्यांनी पाहतात. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून घ्यायची टॅक्रोलिमससारखी गोळी मात्र किडनी काम करतेय तोवर चालूच राहते. ‘आता बरं वाटतंय, एखादी तपासणी पुढे ढकलू’ हा तुमचा विचार वाचून मला खरंच काळजी वाटली. ती बचत करू नका.

औषध दुकानदार हीच गोळी दुसऱ्या, स्वस्त कंपनीची देतोय, असंही तुम्ही विचारलंय. बदलायला हरकत नाही, पण डॉक्टरांना विचारूनच. बदलल्यावर रक्तातली औषधाची पातळी पुन्हा तपासावी लागते, आणि पुढच्या वेळी दुकानदाराने तिसऱ्याच कंपनीची दिली तर परत तेच. त्या तपासण्यांचा खर्च धरूनही स्वस्त पडत असेल तरच बदला. तपासणीच्या सकाळी गोळी न घेता जा, डबी सोबत ठेवा, रक्त दिलं की लगेच घ्या. रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी घेतलेल्या रक्तातच खरी पातळी कळते.

आरोग्य विम्याचं नूतनीकरण एक दिवसही चुकवू नका. प्रत्यारोपणानंतर नवा विमा मिळणं फार अवघड जातं.

तुमच्या हिशोबात नणंद कुठेच नाहीत. किडनी दिलेल्या माणसाचीही दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिनची तपासणी व्हायला हवी. तो खर्च त्याच २७ मधून करा, आणि तारीख त्यांना आठवावी लागू नये, तुम्हीच घेऊन ठेवा.